लुंबिनीच्या आदल्या दिवशी



आमच्या मनमाडची दोन-तीन घरची माणसे यंदा लुंबिनीला जायच्या तयारीला लागली आहेत. संध्याकाळी कचेरीतून घरी आलो की कोणी ना कोणी दारात उभे असते. "भाऊ, तुम्ही जाऊन आलात. काय काय न्यावं लागतं, एकदा नीट सांगा." आम्ही सांगतो. पण सांगायला बसलो की दर वेळी आम्हाला लुंबिनीच्या आधी तिचा आदला दिवस आठवतो. तो दिवस आम्ही गोरखपूरच्या एका धर्मशाळेत आणि तिथल्या बाजारात धावपळ करण्यात घालवला. तो सांगितला की यादी आपोआप सांगून होते. आमची एक चूकही सांगून होते, आणि ती सांगायचे बरेच दिवस मनात होते.

साल २०२३. दिवाळीच्या सुट्टीला रजा जोडून आम्ही बावीस जण निघालो होतो. बारा बाया, आठ पुरुष, दोन मुले. पुरुषांत कोणी रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, कोणी धान्याच्या गोदामात पाठीवर पोती वाहणारे. बायांत अंगणवाडीच्या मदतनीस होत्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या होत्या, आणि मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या विकणाऱ्या आमच्या गल्लीतल्या मावशी होत्या. दोन वर्षे दर महिन्याला भिशीसारखे पैसे टाकून सर्वांनी हा प्रवास जमवला होता. आम्ही बी.कॉम. झालो आहोत आणि पोटासाठी कारकुनी करतो, एवढ्या भांडवलावर मंडळींनी आम्हाला प्रमुख नेमले. कागद सांभाळणे कारकुनालाच जमते, असा लोकांचा समज असतो. तो किती खरा, ते पुढे येईलच.

कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर गाठले. तिथला फलाट १३६६ मीटर लांब आहे. मार्च २०२३ मध्ये हुबळीचा १५०७ मीटरचा फलाट सुरू झाला, तोवर जगात सर्वांत लांब म्हणून त्याची ख्याती होती. गुडघे धरून चालणाऱ्या आमच्या मंडळींना त्या ख्यातीचे काही कौतुक वाटले नाही. दुसऱ्या दिवशी पन्नासेक किलोमीटरवरचे कुशीनगर करून रात्री परत आलो. तिसरा दिवस मोकळा ठेवला होता. चौथ्या दिवशी पहाटे निघायचे, शंभरेक किलोमीटरवर सोनौलीची सरहद्द पायी ओलांडायची, पलीकडे भैरहवा गाठून तिथून लुंबिनीला जायचे, असा बेत होता. मोकळ्या दिवसापुढे आम्ही वहीत 'विश्रांती' असे लिहिले होते.

विश्रांती कसली! पहाटे चारपासून धर्मशाळेच्या नळावर आदळआपट सुरू झाली. लुंबिनीला पांढरे नेसून जायचे म्हणून बायांनी चार दिवसांच्या धुळीने मळलेल्या पांढऱ्या साड्या धुवायला काढल्या होत्या. सूर्य वर यायच्या आत सगळा व्हरांडा पांढराशुभ्र झाला. व्यवस्थापक येऊन म्हणाले, "बहनजी, टंकी खाली हो जाएगी." त्यांच्या हातात आमच्या आयुष्यमतींनी चहाचा पेला दिला. टाकीचा विषय तिथेच मिटला.

पहिले काम नोटांचे. नेपाळ सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये शंभराच्या वरच्या भारतीय नोटांना बंदी घातली होती आणि आम्ही गेलो तेव्हा ती लागू होती. पुढच्या काळात या नियमांत बदल होत आले आहेत. तेव्हा जाणाऱ्याने निघण्यापूर्वी त्या दिवसाचा नियम विचारून घ्यावा, आमच्या लेखावर विसंबू नये. भाव मात्र कोणी वेगळा सांगितला तर फसू नका. भारताचे शंभर म्हणजे नेपाळचे एकशे साठ, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. सरहद्दीवरचे दुकानदार आपल्या रुपयाला 'आयसी' आणि त्यांच्या रुपयाला 'एनसी' म्हणतात. भाव विचारताना कोणता रुपया ते आधी विचारावे, नाहीतर साठचा चहा ऐकून छातीत धस्स होते.

आमच्याकडे सगळ्या पाचशेच्या नोटा. कोणी पदराच्या गाठीत, कोणी चोळीत, कोणी पायमोज्यात ठेवलेल्या. सगळ्यांच्या मिळून तीस हजारांच्या शंभराच्या नोटा करायच्या होत्या. आम्ही ऐटीत बँकेत गेलो. तिथे आमचे खाते नव्हते. साहेबांनी गोड बोलून वाटेला लावले. मग पेट्रोल पंप, मग औषधाचे दुकान, मग मिठाईवाला. जो तो पाचशेला पाच नोटा द्यायचा आणि "और नहीं" म्हणायचा. दहा वाजेपर्यंत अडीच हजार जमले. या हिशेबाने आम्ही आठवडाभर गोरखपुरातच राहिलो असतो.

मावशी आमच्याबरोबर पिशवी धरून हिंडत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही कुठं बँकात हिंडू राहिले? शंभराची नोट भाजीवाल्याकडं आसती. आमच्या गल्ल्यात दुसरं काय आसतं?"

त्यांनी रिक्षावाल्याला विचारून आम्हाला भाजीच्या ठोक बाजारात नेले. आमचे हिंदी कचेरीतले, मावशींचे हिंदी मनमाड स्टेशनवरचे. त्यांचेच चालले. एका आडत्यासमोर त्या उकिडव्या बसल्या, त्याच्या कोथिंबिरीची जुडी हातात घेतली, वास घेतला, भाव विचारला आणि आमच्याकडे हाच माल कितीला जातो ते सांगितले. पाच मिनिटांत दोघे धंद्यातले होऊन गेले. सुट्या नोटांची चळत मोजत बसण्यापेक्षा पाचशेच्या नोटा घरी नेणे त्यालाही सोयीचे होते. त्याने स्वतः बारा हजारांच्या दिल्या आणि शेजारच्या दोघांना हाक मारून बाकीच्या जमवून दिल्या. मावशींनी प्रत्येक नोट उजेडात धरून पाहिली. सात नोटा फाटक्या म्हणून परत केल्या आणि दुसऱ्या घेतल्या. निघताना त्याने कोथिंबिरीची एक मोठी जुडी पिशवीत टाकली. मावशींनी तिचे पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. "धंद्याच्या माणसाचं फुकट घेऊ न्हाई," असे म्हणत त्यांनी त्याच्या पोराच्या हातावर दहा रुपये ठेवलेच.

औषधांचे काम लवकर उरकले. ज्यांना रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या आहेत त्यांच्या आठ दिवस पुरतील एवढ्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका पिशवीत घातली. जलसंजीवनीची पाकिटे घेतली, डासांच्या अगरबत्त्या घेतल्या. त्या भागात डासांकडे दुर्लक्ष करू नये. गोरखपूरच्या मेंदूज्वराने किती लेकरे नेली ते सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे. फोनचे असे की आपला नेहमीचा रिचार्ज पलीकडे चालत नाही. त्यासाठी वेगळे पैसे भरावे लागतात किंवा तिकडचे सिम घ्यावे लागते. आम्ही दोनच फोन चालू ठेवायचे ठरवले. बाकीच्यांनी घरी फोन करून "दोन दिवस लागणार नाही, काळजी करू नका" असे सांगून ठेवले. एका आजींनी तर सुनेला गॅस बंद करण्यापासून शेळीच्या पाल्यापर्यंत सर्व पुन्हा एकदा सांगितले.

दुपारचे जेवण झाले आणि आम्ही व्हरांड्यात सतरंजी टाकून कागद तपासायला बसलो.

नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. १९५० च्या मैत्री करारापासून दोन्ही देशांचे लोक मोकळेपणी ये-जा करतात. पण आपण भारताचे नागरिक आहोत हे दाखवायला कागद लागतो. पासपोर्ट, नाहीतर निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र. पंधरा वर्षांच्या आतली मुले आणि पासष्टच्या वरची माणसे यांना सवलत आहे. त्यांना आधार कार्डासारखा वय आणि ओळख दाखवणारा फोटोचा कागद चालतो. मधल्या वयाच्या माणसाला नुसते आधार पुरत नाही, हे बहुतेकांना माहीत नसते. पंधरा ते अठरामधल्या मुलाला मुख्याध्यापकांचा दाखला लागतो. आमच्यात एक सोळा वर्षांचा मुलगा होता, त्याचा दाखला आम्ही आठवणीने आणला होता. त्याचा आम्हाला थोडा गर्वही झाला होता.

मनमाडला आम्ही प्रत्येकाकडून मतदार ओळखपत्राची झेरॉक्स घेतली होती, वहीत नावापुढे टिक मारली होती आणि "मूळ कार्ड बरोबर आणा" असे बजावले होते. आता एकेकाला बोलावून मूळ कार्ड पाहू लागलो. वीस जण झाले. मावशी आल्या. त्यांनी कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले कार्ड काढून दिले. ते आधार होते.

"मावशी, हे नाही. मतदानाचे कार्ड."

"त्ये घरी पेटीत हाय. हरवू नये म्हणून ठिवलं. सगळीकडं ह्येच तर मागतात. रेशनला ह्येच, गॅसला ह्येच, बँकत ह्येच."

आम्ही आधार कार्ड उलटेसुलटे पाहिले. जन्मवर्ष १९६२. म्हणजे कागदाप्रमाणे वय एकसष्ट. पासष्टची सवलत नाही.

व्हरांड्यात एकदम शांतता झाली. मनमाडहून कार्ड मागवायचे तर गाडीला दीड दिवस लागतो, आणि आमच्या हातात एक रात्र होती. आमच्या आयुष्यमती सर्वांदेखत म्हणाल्या, "निघताना स्टेशनवर पाहायला नको होतं? झेरॉक्स बघून टिक कसली मारली?" याला उत्तर नव्हते. कचेरीत आम्ही रोज लोकांना मूळ कागद मागतो. मूळ कागद नसेल तर अर्ज परत करतो. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा झेरॉक्सवर भागवले.

मावशी काही बोलल्या नाहीत. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन त्या वाळलेल्या साड्यांच्या घड्या घालू लागल्या. सगळ्यांच्या घातल्या, स्वतःची तेवढी दोरीवर राहू दिली. ते पाहून आम्हाला जे वाटले ते कोणी चार शिव्या दिल्या असत्या तरी वाटले नसते.

जीप ठरवणारा माणूस संध्याकाळी पैसे घ्यायला आला. त्याला अडचण सांगितली. तो हसला. "बाबूजी, अम्मा को कौन पूछेगा?" आम्ही म्हटले, आणि कोणी विचारलेच तर? तर म्हणे जवळच एक दुकान आहे, तिथे झेरॉक्सवरून हुबेहूब प्लास्टिकचे कार्ड बनवून मिळते. शे-सव्वाशे रुपये. पाहिजे तर आधारवरचे सालही बदलून देतील.

खोटे कशाला बोला, आमचे मन क्षणभर तिकडे गेले. वय तर खरेच पासष्टच्या वर असेल, मग खरे साल छापले तर बिघडले कुठे? असे म्हणत म्हणत माणूस खाली उतरतो. आम्ही तसेच उठून दोन-चार पावले चाललोही. मावशींनीच मागून हाक मारली.

"भाऊ, आसलं काही करू नका. म्या सही करते तर आंगठ्याची करते, पण माझीच करते. मी इथं थांबते. तुम्ही जाऊन या. येताना तिथली चिमूटभर माती आणा."

चोरट्या कार्डाचा विचार आमच्या डोक्यातून तिथेच गेला. आम्ही पुन्हा सतरंजीवर बसलो, फायलीतून मावशींची झेरॉक्स काढली आणि चष्मा लावून पहिल्यांदाच ती नीट वाचली.

ते कार्ड जुने होते. नव्वदच्या दशकात शेषनसाहेब मुख्य निवडणूक आयुक्त असताना फोटोची ओळखपत्रे पहिल्यांदा निघाली, त्या काळातले. त्या कार्डांवर पुष्कळदा जन्मतारीख नसे. एका ठरावीक तारखेला वय किती, ते लिहिलेले असे. मावशींच्या कार्डावर होते: १.१.१९९५ रोजी वय ३८.

आम्ही बोटांवर हिशेब केला. मग कागदावर केला. पंच्याण्णव सालच्या एक जानेवारीला अडतीस पूर्ण, म्हणजे जन्म १९५६ सालातला. म्हणजे आता वय सहासष्ट, महिना-दीड महिन्यात सदुसष्टही होईल. आधारवरचा एकसष्टचा आकडा पाच-सहा वर्षांनी चुकलेला.

"मावशी, तुमचा जन्म कधीचा?"

"साल काय ठावं मला? आई सांगायची, बाबासाहेब गेले आन् पंधरा दिवसांनी तू झाली. नागपूरला दीक्षा घ्यायला गेली तव्हा मी पोटात सात महिन्यांची व्हते. गाडीत उभ्यानं गेली म्हणं. लोक म्हणले, बाई, या दिसात नको जाऊ. ती म्हणली, दोघांची संगंच होईल."

सहा डिसेंबर १९५६ आणि वर पंधरा दिवस. एकवीस डिसेंबर. कार्डावरच्या अडतीसशी तारखेबरहुकूम जुळत होते. आमच्या पिढीच्या आयांचे असेच असते. जन्माच्या वहीत नाव नाही, शाळेचा दाखला नाही, पण कोणी दीक्षेच्या आधीचे, कोणी बाबासाहेब गेले त्या साली रांगणारे, कोणी नामांतराच्या दंगलीत बाळंत झालेली. हे पंचांग कोणत्याही खिडकीवर चालत नाही. आधार काढायला आलेल्या पोराने मावशींच्या चेहऱ्याकडे बघून १९६२ टाकले, तेच चालू लागले.

आता ती दुसरी गोष्ट सांगतो. तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. त्याच्या दोन वर्षे आधी मावशी आमच्या घरी आल्या होत्या. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तीवेतन मिळेल का, म्हणून विचारायला. त्याला वय पासष्ट पूर्ण लागते. आम्ही आधार पाहिले, १९६२ वाचले आणि म्हणालो, "मावशी, अजून वय बसत नाही. पुढे बघू." त्यांनी तेव्हाही बाबासाहेब गेल्यावरच्या पंधरा दिवसांचे सांगितले होते. आम्ही ऐकून घेतले, हसलो आणि चहा दिला. मतदार कार्ड मागितले नाही. त्या निमूट उठून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जुड्या बांधायला बसल्या. गल्लीतले लोक आम्हाला कार्यकर्ता म्हणतात. गोरखपूरच्या त्या सतरंजीवर बसून आम्ही हिशेब केला, 'बघू' या एका शब्दाने मावशींची दोन वर्षे गेली होती.

त्यांच्यापुढे हे सगळे बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ, तुम्हाला तरी काय म्हाईत." आम्हाला माहीत असायला हवे होते, एवढेच आम्ही म्हणू शकलो.

सर्वांनी बसून ठरवले ते असे. खोटे कार्ड नाही, खाडाखोड नाही. मावशींनी आधार आणि मतदार कार्डाची साधी झेरॉक्स, दोन्ही कागद हातात घेऊन जायचे. विचारले तर खरे ते सांगायचे. अडवले तर आम्ही त्यांच्याबरोबर मागे फिरायचे आणि बाकीच्यांना आमच्या आयुष्यमती पुढे नेतील. हे शेवटचे कलम आयुष्यमतींनीच घातले. "चूक तुमची, तुम्हीच थांबा." आम्ही वही, फाईल आणि नोटांची थैली त्यांच्या हवाली केली. मावशींची साडी कोणीतरी दोरीवरून काढून घडी घालून ठेवली.

रात्री पुऱ्या तळल्या. फुकटच्या कोथिंबिरीच्या वड्या झाल्या, घरून आणलेला ठेचा होताच. मेणबत्त्या, अगरबत्त्या, पंचशील ध्वज एका पिशवीत बांधले. सोळा वर्षांच्या पोराने विचारले, "काका, लुंबिनी नेपाळात कशी? बुद्ध तर आपल्याकडचे ना?" त्याला सांगितले, अरे, ही सरहद्द इंग्रजांच्या काळातली. सिद्धार्थाच्या काळी इकडे शाक्य, पलीकडे कोलीय आणि मध्ये रोहिणी नदी. ती रोहिणी आजही नेपाळातून उतरून या गोरखपूरजवळ राप्तीला मिळते. तिच्या पाण्यावरून युद्धाचा ठराव झाला, सिद्धार्थाने विरोध केला आणि देश सोडायचे पत्करले, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात लिहिले आहे. जाण्यापूर्वी त्याने आईवडिलांचा आणि यशोधरेचा निरोप घेतला. तो रात्री कोणाला न सांगता पळून गेला, ही कथा बाबासाहेबांना पटली नाही. पोराने आणखी विचारले, मग बुद्ध तिथेच जन्मले हे कशावरून? तेव्हा आमच्यातला कारकून जागा झाला. आम्ही म्हटले, कागदावरून! म्हणजे दगडावरून. सम्राट अशोक राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी तिथे गेला आणि त्याने स्तंभावर कोरून ठेवले की बुद्ध इथे जन्मले, म्हणून या गावाचा कर माफ केला आणि उत्पन्नातला हिस्सा आठव्या भागावर आणला. तो स्तंभलेख १८९६ साली सापडला. जन्माची नोंद म्हणावी तर ती आहे, आणि महसुली हुकूम म्हणावा तर तोही आहे.

मावशी पुऱ्या लाटता लाटता ऐकत होत्या. "म्हंजी त्याचा दाखला दगडावर, आन् माझा न्हाईच," असे म्हणून त्या हसल्या. सगळेच हसले. मग त्यांनी विचारले, "बाबासाहेब नेपाळात गेले व्हते का?" गेले होते. १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूला जागतिक बौद्ध परिषद भरली होती, तिथे प्रकृती ढासळलेली असताना ते गेले आणि वीस नोव्हेंबरला बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्यावर बोलले. मावशींनी थोडा वेळ हिशेब केला. "तव्हा मी आठ महिन्यांची पोटात," त्या म्हणाल्या.

पहाटे निघालो. वाटेत धुके होते, ऊस आणि मोहरीची शेते त्यातूनच दिसली तेवढी. सोनौलीला मालमोटारींची रांग दूरवर लागलेली होती. जीप अलीकडे सोडली आणि पिशव्या डोक्यावर घेऊन बावीस जण ओळीने चालू लागलो. मावशी आमच्यापुढे. पांढरी साडी, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात दोन्ही कागद उंच धरलेले, जणू मतदानाच्या रांगेत आहेत. शेतातल्या कामात जशी भराभर पावले पडतात तशी त्यांची पडत होती. आमची मात्र छाती धडधडत होती.

तपासणीच्या ठिकाणी एका जवानाने हात केला. मावशींनी दोन्ही कागद पुढे केले. त्याने आधार पाहिले, झेरॉक्स पाहिली, चेहरा पाहिला.

"ओरिजनल कहाँ है, अम्मा?"

"घर पे रह गया. गलती हो गई."

"उमर?"

"आधार में गलत है. इसमें सही है," असे म्हणून त्यांनी झेरॉक्सवरच्या अडतीसवर बोट ठेवले. आम्ही पुढे होऊन पंच्याण्णव सालचा हिशेब सांगायला तोंड उघडले. जवानाने आम्हाला हातानेच गप्प केले आणि स्वतः मनात मोजले.

"कहाँ से आए हो?"

"मनमाड. बुद्ध का जनम देखने."

त्याने कागद परत दिले. "आते टाइम भी यही दिखाना. और घर जाके ठीक करवाना."

आम्हाला सोडले, म्हणून कोणी असे जाऊ नये. दुसऱ्या दिवशी दुसरा जवान असतो. मूळ कार्ड स्टेशनवर, गाडी यायच्या आत, हातात घेऊन पाहावे. मावशींच्या आधारच्या दुरुस्तीला आणि श्रावणबाळच्या अर्जाला आम्ही परत आल्यावर हात घातला. कोतवाल बुकापासून सुरुवात करावी लागली. ती हकीगत मोठी आहे, पुढे कधीतरी लिहू.

कमान ओलांडून आम्ही पलीकडे गेलो आणि सगळे एका चहाच्या टपरीपाशी थांबलो. नेपाळचे घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते. ते आम्ही सर्वांना सांगितले आणि जो तो मनगटावरचे घड्याळ पुढे करू लागला. मावशींकडे घड्याळ नव्हते. त्यांनी दोन्ही कागद पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळून कमरेला खोचले आणि टपरीवाल्याला विचारले, "चहा कितीला? आयसी का एनसी?"